गुडघ्याचा भाव

तू मला फसवलंस, डॉक्टर. माझ्या मुलाचा गुडघा बरा झाला होता आणि तू मला सांगत राहिलास की अजून नाही झाला. माझ्या यार्डात, माझ्याच टेपने मोजून, माझ्या डोळ्यांत बघून सांगत राहिलास.

हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे माझा सूर बदलणार आहे आणि मग तक्रार मागे पडेल. माझी तक्रार खरी आहे. ती मी सोडणार नाही. तू गेलास म्हणून तर मुळीच नाही.

इथल्या मराठी मंडळाची माणसं म्हणाली, शेठ, अंकासाठी डॉक्टरांवर चार शब्द लिहा, तुमची दोस्ती सौदीतल्या या सगळ्या राबिघला ठाऊक होती. राबिघला आपलं भांडणही ठाऊक होतं, पण माणूस गेला की लोक तेवढं सोयीने विसरतात. तू कुठे शिकलास, सरकारी हॉस्पिटलात किती वर्षं हाडं जोडलीस, ते लिहायला दुसरे आहेत. मी तुझ्याशी बोलणार आहे. नेहमीसारखं.

आपली ओळखच मुळी घासाघिशीतून झाली. माझा एक कामगार परांचीवरून घसरला, मनगट मोडलं, आणि मी त्याला घेऊन तुझ्यासमोर उभा राहिलो. तेव्हा माझी स्वतःची परांच्या बांधायची कंपनी नुकतीच उभी राहत होती. आधी मी स्वतः पाईप खांद्यावर वाहायचो, कपलर आवळायचो, त्यामुळे एक माणूस बसून राहिला म्हणजे काय होतं ते मला माहीत होतं.

"किती दिवस प्लास्टर?" मी विचारलं.

"आठ आठवडे."

"चार करा."

तू मान वर केलीस. "कुठले तुम्ही?"

"कोल्हापूर."

"तरीच," तू म्हणालास. "मी सांगलीचा. सात."

"पाच."

"सहा. आणि आता उठा, मागे लाईन आहे."

मी खुशीत बाहेर पडलो. त्यानंतर कितीतरी महिन्यांनी, तुझ्या घरी चहा पिताना, तू हसत हसत सांगितलंस की लागणार होते सहाच. गिऱ्हाईक बघून भाव सांगितला होता. वैशाली वहिनी एवढ्या हसल्या की त्यांच्या हातातला चहा सांडला. मीही हसलो. पण मनात एक गोष्ट पक्की नोंदली: हा माणूस वाढवून सांगतो. डॉक्टर, माझी सगळी चूक तिथून सुरू झाली. आणि खरं सांगायचं तर तुझीही.

तुझे वडील हळदीच्या बाजारात अडत्या होते. तू मला तो जुना सौदा करून दाखवला होतास. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आतल्या आत बोटं दाबून भाव ठरवायचा. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कोणाला पत्ता लागत नाही. "तू बोंबलून भाव करतोस, शेठ," तू म्हणायचास. "त्यात मजा नाही. रुमालाखाली केलेल्या सौद्यात समोरच्याची अब्रू राहते." मी म्हणायचो, सांगलीचा माणूस सरळ बोलेल तर कृष्णा उलटी वाहील. तू म्हणायचास, आणि कोल्हापूरचा माणूस हळू बोलेल तर पंचगंगा.

ऋतुराज आपला. आपला म्हणतो, कारण तो तुझ्या घरात जास्त वाढला. इथल्या इंडियन स्कूलमधून बारावी करून मी त्याला कोल्हापूरला कॉलेजात घातला, आणि दुसऱ्याच वर्षी पोराने नाव काढलं. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय ते सांगलीवाल्याला कळायचं नाही, असं मी तुला मुद्दाम म्हणायचो. मॅच असली की पेठा रिकाम्या होतात. कॉलेजच्या संघाची मॅच असली तरी लोक ऋतुराजसाठी यायचे. मला इथे फोन यायचे, शेठ, आज पोरानं काय गोल मारला. मी साईटवर, पन्नास डिग्रीत, घामाने भिजलेला, फोन कानाला लावून लहान मुलासारखा रडायचो. हे तुला ठाऊक होतं. दुसऱ्या कोणाला नाही.

मग तो एका मॅचमध्ये पडला. कोणी पाडला नाही. चेंडू घेऊन एकटाच वळला, पाय मातीत रुतला, शरीर फिरलं आणि गुडघा राहिला. लिगामेंट तुटलं. पुण्यात ऑपरेशन झालं, आणि मी त्याला व्हिजिट व्हिसावर उचलून इथे आणला. त्याची आई म्हणाली, तिथेच राहू दे, तिथे मोठी सेंटरं आहेत. मी म्हणालो, माझा विश्वास एकाच माणसावर आहे. हेही इथे लिहून ठेवतो, तक्रारीच्या शेजारी.

"किती?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"वर्ष धर."

"सहा महिने."

"शेठ, हे तुझं पाईप नाही, कपलर आवळला की झालं. आत नवीन दोरी घातलीय. ती रुजायला तिचा वेळ घेते. तू कितीला मागतोस ते तिला कळत नाही."

"आठ."

"नऊच्या आत मी हो म्हणणार नाही. आणि नऊलासुद्धा पोरगा बघून."

नऊ महिन्यांनी विद्यापीठाची स्पर्धा होती. मी हिशेब करूनच बसलो होतो. हात पुढे केला, तू हातात हात दिलास, आणि मी त्याच संध्याकाळी कॉलेजच्या कोचला फोन करून शब्द दिला: पोरगा स्पर्धेत उतरणार. तू म्हटलेलं "पोरगा बघून" मी ऐकलं होतं. पण सौद्यात शेवटी जोडलेली वाक्यं मी कधी धरत नाही. ती समोरच्याने आपली पाठ राखायला घातलेली असतात.

तू रोज यायचास. हॉस्पिटल सुटलं की दुपार उतरताना, असरच्या नमाजानंतर, माझ्या यार्डात. हॉस्पिटलातल्या बंद खोलीत पोराचा जीव घाबरतो, म्हणालास, मोकळी जागा पाहिजे. पाईपांच्या ढिगांमधली जागा आम्ही झाडून दिली. तू त्याला एका पायावर उभा करायचास, बसवायचास, उठवायचास, आणि तो कंटाळला की शेजारच्या बकालातून, त्या वाण्याच्या दुकानातून, ताकासारखं लबान आणून पाजायचास. तुझं पोट सुटलेलं, सँडल घातलेली, आणि तोंड सतत चालू. "ऋत्या, लेका, तुझ्या बापाने एवढ्या वेळात एक टॉवर उभा केला असता." पोरगा हिंदीत उत्तर द्यायचा, तू मराठीत बोलायचास. दोघांचं कधी अडलं नाही.

आणि मग तो दिवस. नऊ महिने भरत आलेले. तू म्हणालास, आज उडी बघू. एका पायावर उडी मारायची, त्याच पायावर उतरायचं, अंतर मोजायचं. आधी चांगला पाय, मग दुखावलेला. दोन्हींत फारसा फरक उरला नाही तर पाय तयार. हे तूच मला समजावून सांगितलं होतंस, आणि टेप मीच दिली होती.

मी स्वतः वाकून बघितलं, डॉक्टर. दोन खुणांमध्ये दोन बोटांचंसुद्धा अंतर नव्हतं. मी आयुष्यभर टेप वाचत आलोय. मी पोराकडे बघितलं, तो जमिनीकडे बघत होता. मी तुझ्याकडे बघितलं.

"अजून नाही," तू म्हणालास.

"काय अजून नाही? दिसतंय की!"

"उतरताना गुडघा आत जातोय."

"कुठे जातोय? परत मार रे उडी."

"नको मारूस," तू त्याला म्हणालास. आणि मला म्हणालास, "शेठ, अजून दोन महिने."

लाकडाच्या व्यापाऱ्यापासून इथल्या मुदीरापर्यंत, म्हणजे ऑफिसातल्या बड्या साहेबापर्यंत, मी सगळ्यांचे चेहरे वाचून धंदा केला. समोरचा खोटं बोलला की मला कळतं. त्या दिवशीही कळलं. तू खोटं बोलत होतास, हे मी बरोबर ओळखलं. का बोलतोस, हे ओळखायला मात्र दुसरी अक्कल लागते, ती माझ्याकडे नव्हती. मला वाटलं, झालं, हा परत वाढवून सांगतोय. मग वाटलं, घाबरलाय, उद्या काही झालं तर नाव जाईल म्हणून अंग काढतोय. मग याहून वाईट वाटलं: पोराची सवय झालीय याला, सोडवत नाही.

मी एक महिन्यावर आलो. तू हलला नाहीस. पंधरा दिवसांवर आलो. नाही. फक्त उपांत्य सामन्यापासून खेळू दे म्हणालो, अर्धाच वेळ खेळू दे म्हणालो. तू पहिल्यांदाच माझ्याशी भाव केला नाहीस. आणि भाव न करणाऱ्या माणसाचा मला राग येतो. तो मला माणसातच धरत नाही असं वाटतं.

त्या दिवसांत मी यार्डात येऊन बघायचो तर तुम्ही दोघं व्यायाम सोडून नुसते खेळत असायचा. तू सँडल घालून पोराच्या अंगावर धावून जायचास, त्याच्या पायातला चेंडू काढायला बघायचास, पडायचास, वाळूने माखायचास, धापा टाकायचास, आणि पुन्हा धावून जायचास. "वळ! वळ ना, ऋत्या! माझ्या पोटाला घाबरतोस का काय?" मी ऑफिसच्या काचेतून बघायचो आणि दात खायचो. पोराचं वर्ष बुडतंय आणि याला खेळ सुचतोय.

आता त्या शुक्रवारचं. हे लिहायला मी तीन वेळा बसलो आणि तीन वेळा उठलो.

मंडळाने इस्तिराहा, म्हणजे सहलीसाठी मिळते तशी अंगणाची बंगली, भाड्याने घेतली होती, आपली सगळी कुटुंबं होती. मटण मी आणलं होतं, तांबडा-पांढरा तुमच्या घरात शिजला होता. वहिनी वाढत होत्या. कोणीतरी मला विचारलं, शेठ, पोरगा यंदा खेळणार का? त्या सकाळीच कोचचा फोन आला होता की संघ जाहीर केला, ऋतुराजचं नाव नाही. मी शब्द दिला होता आणि माझा शब्द पडला होता. मी म्हणालो, डॉक्टरला विचारा. तू म्हणालास, "पुढच्या वर्षी खेळेल की. पळून जातंय का मैदान?"

आणि मी, भरल्या पंगतीत, म्हणालो, "तुझ्या घरात पोर खेळलं असतं तर कळलं असतं, पोराचं वर्ष जाणं काय असतं."

 कोणीतरी पाणी मागितलं. वहिनी माझ्याच पानासमोर होत्या, हातात पळी होती. त्यांनी माझ्या वाटीत रस्सा वाढला. पळीतून एक थेंबसुद्धा बाहेर सांडला नाही. आणि त्या पुढच्या पानाकडे गेल्या.

तू म्हणालास, "जेव शेठ. गार होतंय."

ऋतुराज पानावरून उठून बाहेर गेला. तूही त्याच्या मागे गेलास. मला वाटलं, पोराला माझ्याविरुद्ध फितवायला गेलास.

मी तो रस्सा प्यायलो, डॉक्टर. सगळा. माघार घेतली असं दिसू नये म्हणून प्यायलो.

त्यानंतर मी तुझ्याशी बोललो नाही. स्पर्धा झाली, आपलं कॉलेज हरलं, ऋतुराज कोल्हापूरला परत गेला. मग एक दिवस तू माझ्या ऑफिसात आलास. मी काचेमागे बसलो होतो, तुला दिसत होतो. ज्याला नमवायचं असतं त्याला मी बाहेर बसवून ठेवतो. सुलेमानी चहा पाठवतो, फोन कानाला लावतो, कागद चाळतो. ही माझी रीत तुला माहीत होती, तू तिच्यावर विनोद करायचास. त्या दिवशी मी तुला बसवून ठेवलं. तू चहा संपवलास, माझ्या बंगाली क्लार्कला काहीतरी सांगितलंस, काचेकडे बघून हात वर केलास आणि गेलास. क्लार्क आत आला. "डॉक्टरसाब बोला, शेठ को बोलो, लडका आज खेला."

मी म्हणालो, माझ्या पोराची बातमी मला देणारा हा कोण?

त्याच आठवड्यात तू हॉस्पिटलच्या जिन्यात बसलास आणि उठला नाहीस.

तुझे कागद मीच केले. दुसरं कोण करणार होतं? या भागातून आपली माणसं पेटीतून घरी पाठवायची वेळ आली की लोक माझ्याकडे येतात, कारण कोणत्या टेबलाशी ओरडायचं आणि कुठे हात जोडायचे ते मला कळतं. तुझ्यासाठी मी पूर्ण तयारीने गेलो. कोणाशीच भांडावं लागलं नाही. एका ऑफिसात मुदीर स्वतः उठून उभा राहिला. त्याच्या आईचं खुब्याचं हाड तू बसवलं होतंस. त्याने शिक्का मारला आणि माझं सांत्वन केलं. माझं! मी सगळ्या वाटेने भांडण शोधत होतो आणि कोणी ते दिलं नाही.

विमानतळावर, कार्गोच्या दारापाशी, वहिनींना मी सांगणार होतो. शब्द जुळवून ठेवले होते. माझ्या आधी त्याच म्हणाल्या, "भाऊजी, त्या शुक्रवारचं मनात धरू नका. ह्यांनी धरलं नव्हतं."

मला धंद्यातली एक गोष्ट माहीत आहे. न मागता सूट देणारा एक तर माल काढून टाकत असतो, नाहीतर त्याला तुमच्याशी पुन्हा कधी व्यवहार करायचा नसतो. मी मान हलवली. त्या आत गेल्या.

सांगलीला ऋतुराज गेला होता. तुझ्या पुतण्याने अग्नी दिला, खांदा याने दिला. घाटावरूनच त्याने मला फोन केला.  म्हणाला, "पप्पा, घुटना ठीक था."

"कुठला घुटना?"

"मेरा. उस दिन जब आपने टेप लगाया था. ठीक था. मैंने ही काका को बोला था, मत बोलना. मुझे डर लगता था, पप्पा. बॉल लेके मुडने का सोचता था तो पैर जम जाता था."

वळायची भीती. म्हणून तू अंगावर धावून जात होतास. म्हणून पडत होतास, माखत होतास. वळ, ऋत्या, वळ. आणि मी काचेमागे दात खात होतो.

त्या शुक्रवारी तो मला सगळं सांगायलाच परत आत येणार होता. तू त्याला दारात अडवलंस. तू काय म्हणालास ते त्याने मला तुझ्याच मराठीत सांगितलं: "आत्ता सांगितलंस तर तुझा बाप पंगतीत खाली पडेल. पडलेला माणूस ऐकत नाही. तुला जमेल तेव्हा तू खेळ, मग सांगू. तोवर मी आहे शिव्या खायला." हे तू त्या वाक्यानंतर म्हणालास. माझ्या त्या वाक्यानंतर, बाहेर जाऊन, तू माझी अब्रू राखलीस. रुमालाखाली.

मी पोराला विचारलं, मला का नाही सांगितलंस? मी बाप आहे तुझा.

तो म्हणाला, "आपसे बोलता तो आप डर का भी भाव करते."

त्याच्या आवाजात राग असता तर मी त्याच्यावर ओरडलो असतो. पण तो फक्त खरं सांगत होता. तू मला "पोराच्या मनाची तयारी नाही" असं सांगितलं असतंस, तर मी म्हणालो असतो, मनाचं मी बघतो, तू गुडघ्याचं बोल. आणि पंधरा दिवसांत त्याला मैदानात उभा केला असता. तू मला पुरता ओळखत होतास. माझी लाज तिथे आहे. तू खोटं बोललास त्यात नाही. खोटं बोलण्यावाचून मी तुला जागाच ठेवली नव्हती.

आभार मानायची मला सवय नाही. माझ्या तोंडी ते उधारी बुडवल्यासारखे वाटतात. एवढंच सांगतो, पोरगा वळतो आता. दोन्ही बाजूंना वळतो. मी व्हिडिओ बघितला. डावीकडे वळताना एक क्षण हसतो, मैदानाबाहेर बघून, जसं कोणी तिथे धापा टाकत उभं आहे.

पण तक्रार मी सोडलेली नाही. तू मला एकदा तरी बाजूला घेऊन, रुमाल टाकून, बोट दाबून सांगायला हवं होतंस. मी समजलो नसतो, हे तू कशावरून ठरवलंस? नऊ वेळा नसतो समजलो, दहाव्या वेळी समजलो असतो. तो दहावा सौदा तू माझ्याशी केलाच नाहीस. याचं उत्तर तुझ्याकडे मागणं आहे आणि ते तू देणार नाहीस. मला बाहेर बसवून ठेवलंस. ठीक आहे. मी बसतो.

राहिलं दुसरं मागणं, ते जिवंत माणसांकडे आहे. पंगतीत त्या दिवशी जे जे होते, ते हा लेख वाचतील. तुमच्यापैकी एकाही माणसाने मला उठवलं नाही. मटण मी आणलं होतं म्हणून असेल. पुढच्या वेळी उठवा.

आणि वैशाली वहिनी, सांगलीला हा अंक पोचेल तेव्हा तुम्ही हे वाचाल. विमानतळावर तुम्ही जी सूट दिलीत ती मी परत करतोय. मी आयुष्यभर प्रत्येक गोष्टीचा भाव पाडला, माझ्या त्या वाक्याचा पाडून घेणार नाही. मी तुमच्या दारात येणार आहे. पाणी विचारू नका, बसा म्हणू नका. माझ्या पोराला ज्याने वळायला शिकवलं, त्याला मी तुमच्या देखत काय बोललो, ते मला मोठ्याने विचारा. शेजारी जमले तरी विचारा. तुम्ही विचारेपर्यंत मी उंबऱ्याबाहेर उभा राहीन, पण विचारा.